चिकित्सेचा तिसरा पाय

शासकीय पत्रकें बारकाईनें वाचावयाची खोड मला शाळेंत लागली आणि निवृत्तीनंतर ती सुटण्याऐवजीं वाढली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांस, त्यांचें उत्पन्न कितीहि असो, वर्षाला पांच लक्ष रुपयांपर्यंतचे रुग्णालयांतील उपचार विनामूल्य देण्यास आरंभ केला. त्या कार्डावर 'आयुष्मान वय वंदना' हे शब्द पाहिले तेव्हां माझें लक्ष प्रथम रकमेकडे गेलें नाहीं, संधीकडे गेलें. मूळ शब्द 'वयस्'. 'वयोवृद्ध', 'वयोमान' हे शब्द आपण बिनचूक उच्चारतों. मग 'वयोवंदना' कां नको? कार्ड काढून देणाऱ्या कर्जतच्या तरुणास मीं हें समजावून सांगितलें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "गुरुजी, आजींचा अंगठा जरा पुसून पुन्हां ठेवा. ठसा उमटत नाहीं."

अंगठा अक्काचा होता. मला सत्तरी गांठावयास अद्याप चार वर्षें आहेत. अक्का ही माझी थोरली बहीण. वय वर्षें एक्क्याऐंशी. यजमान गेल्यापासून, म्हणजे गेलीं एकोणीस वर्षें, ती आमच्याकडेच असते. आयुष्यभर भाजी निवडून, लोणचीं घालून आणि पाटपाणी करून त्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. चौथ्या खेपेस ठसा उमटला.

ह्या मासिकाचा वाचकवर्ग ज्या घरांतून आहे त्या घरांत सरकारी आरोग्य-योजनेचा विषय आजवर फारसा निघत नसे. आपल्या कपाटांत आयुर्विम्याच्या पावत्या असतात. मुलगा पुण्यास किंवा परदेशीं असला तर त्यानें उतरविलेला एखादा खाजगी वैद्यकीय विमाहि असतो. पण 'योजना' हा शब्द आपण दुसऱ्यांसाठीं राखून ठेवलेला होता, आणि त्याला कारणहि होतें. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत आमचा रायगड होता. परंतु ती पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरती होती आणि मर्यादा कुटुंबामागें वर्षाला दीड लक्ष रुपये. पुढें नोव्हेंबर २०१३ मध्यें ती राज्यभर गेली. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यांत दोन्ही एकत्र नांदूं लागल्या. मग २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयानें पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरांसहि आंत घेण्याचें ठरलें आणि मर्यादा पांच लक्षांवर नेली. तेव्हां ह्या विषयांत 'ते' आणि 'आपण' असा भेद आतां उरलेला नाहीं. योजना आपल्याहि ओसरीवर येऊन बसली आहे. तिच्याशीं ओळख करून घेणें प्राप्त आहे.

तिच्याविषयीं मला जें सांगावयाचें आहे तें सर्वस्वीं गोड नाहीं. म्हणून तिनें काय केलें तें आधीं सांगणें न्यायाचें होईल. कर्जत आणि खालापूर हे तालुके नकाशावर मुंबईच्या कुशींत दिसतात. बोरघाटाच्या पायथ्याशीं गाडीला मागून इंजिन जोडतात तें आमचें कर्जत. तेथून बोरीबंदर १०० किलोमीटर. परंतु माथेरानच्या उतारावरच्या अगर कशेळ्याच्या पलीकडच्या ठाकूरवाडीतून कर्जत स्टेशनापर्यंत येणें हाच त्या प्रवासाचा अवघड भाग होय. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळें आणि चौक येथें ग्रामीण रुग्णालयें आहेत. तेथें बाळंतपण, विंचू, साप, ताप एवढें निभतें. हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कर्करोग ह्यांचें नांव निघालें कीं कल्याण, पनवेल किंवा मुंबई. पूर्वीं असें नांव निघालें म्हणजे त्याच्यामागून शेताचा तुकडा निघे, नाहीं तर बायकोच्या गळ्यांतलें निघे.

२०१३ सालीं माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या हृदयाची झडप बदलली. घर खालापूर तालुक्यांतलें, धंदा मोलमजुरीचा, शिधापत्रिका पिवळी. मुलगा सातवींत होता. तो आठ दिवसांनीं शाळेंत आला तेव्हां मीं विचारलें, "पैशांचें कसें केलेंत रे?" तो म्हणाला, "गुरुजी, कायच नाय दिलं. एक कागद दाखविला." तो गृहस्थ आज जिवंत आहे, महडच्या वाटेवर भेटतो, आणि त्यानें शेतहि विकलेलें नाहीं. ज्यांना 'सरकारी योजना' म्हटली कीं नाक मुरडावयाचें असतें त्यांनीं ह्या माणसाकडे एकदां पाहावें.

आतां दुसरी बाजू. विम्याचा स्वभाव असा कीं तो ज्या दारावर पैसे ठेवतो त्या दारीं लोक जाऊं लागतात. ह्या योजनांनीं पैसे ठेवले ते रुग्णालयाच्या खाटेवर. यादींत जी शस्त्रक्रिया अगर जो उपचार आहे तो अंगीकृत रुग्णालयांत दाखल होऊन घेतला तर त्याचे पैसे सरकार भरतें. डॉक्टरकडे जाऊन तपासून घेणें, गोळ्या आणणें आणि घरीं येणें ह्यांचा त्यांत समावेश नाहीं. परिणामीं रक्तदाबाची रोजची गोळी योजनेंत बसत नाहीं. ती न घेतल्यानें जो झटका येतो तो मात्र बसतो. मधुमेहाची काळजी बसत नाहीं; पाय कापणें बसतें. सरकारी दवाखान्यांत ह्या गोळ्या विनामूल्य आहेत, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्यखात्याच्या रुग्णालयांत केसपेपरचें शुल्कहि बंद झालें आहे, हें मी विसरलेलों नाहीं. पण गोळी विनामूल्य असली तरी वाडीवरून तिच्यासाठीं यावयाचें तर दिवसाची मजुरी बुडते, रिक्षाचें भाडें जातें. आणि त्या दिवशीं ती गोळी शिल्लक नसली म्हणजे माणूस पुढल्या महिन्यांत येत नाहीं. तो दोन वर्षांनीं येतो, तोंड वांकडें होऊन, दुसऱ्याच्या खांद्यावर.

लोकहि हळूहळू शहाणे होतात. आमच्या आळींतील एका गृहस्थांस ताप आला असतां एका खाजगी रुग्णालयांत त्यांना सांगण्यांत आलें कीं, "रात्रभर राहा, म्हणजे विम्यांत बसवितां येईल." ताप घरीं उतरण्याजोगा होता. ते राहिले, त्यांना सलाईन लागलें, दुसऱ्या दिवशीं सहीं-शिक्क्यांसह घरीं आले. ह्यांत लबाडी किती आणि व्यवस्थेनेंच घालून दिलेली वाट किती, हें ठरविणें मला कठीण वाटतें. ज्या गांवांत फक्त थोरल्या दारालाच दिवा आहे तेथें लोक धाकट्या दारानें येणार नाहींत.

अक्का २०२५ च्या आषाढांत मागीलदारीं शेवाळलेल्या फरशीवर घसरली. खुब्याचें हाड मोडलें. पनवेलच्या बाजूस एका अंगीकृत रुग्णालयांत तिला नेलें. तिसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली, मोडलेल्या जागीं धातूचा गोळा बसविला, नवव्या दिवशीं घरीं सोडलें. नऊ दिवसांत आम्हांला भरावे लागले ते फक्त माझ्या आणि सौ.च्या चहाचे व पाव-भाजीचे. एरवीं ह्या कामाला लाखांनीं पैसे मोजलेले मीं पाहिले आहेत. तेथील आरोग्यमित्र म्हणून काम करणारी मुलगी फार गुणी. निघतांना तिनें कागदांची पिशवी माझ्या हातीं दिली आणि म्हणाली, "आजोबा, सुटल्यापासून पंधरा दिवसांचीं औषधें आणि तपासण्या योजनेंतून आहेत. त्यानंतरचें तुमचें तुम्ही बघायचें."

पंधरा दिवस! अक्काचें हाड जुळलें, पण ती उठली नाहीं. ह्या वयांत असें होतें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. पायांत जोर नाहीं, मनांत पडण्याची भीति, आणि स्मरणहि आधींच थोडें मंदावलेलें. व्यायाम शिकविणारा एक तरुण बदलापुराहून आठवड्यास तीन वेळां येई. चाळीस दिवसांनीं त्याचें येणें थांबवावें लागलें. पाऊस गेला, थंडी गेली, अक्का खाटेवरच आहे. दर दोन तासांनीं तिची कूस पालटावी लागते, नाहीं तर पाठीला क्षत पडतें. हें क्षत एकदां पडलें कीं त्याची जात किती वाईट असते हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांना तें करून दाखवूं नये. हवेची गादी, भांडें, लंगोट, मलमें, पातळ आहार. ह्यांचा हिशेब मी वहींत मांडतों. महिना सहा हजारांच्या खालीं येत नाहीं. दिवसा एक बाई येते, तिचे चौदा हजार. रात्र सौ.कडे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि स्वतः रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा, परिचारक. त्याच्या अंगीं चार गुण हवेत: परिचर्येचें ज्ञान, हातोटी, रोग्याविषयीं ममता आणि स्वच्छता. पाठशाळेंत हा भाग मीं प्रथम ऐकला तेव्हां मला त्यांत विशेष कांहीं वाटलें नव्हतें. जुन्या ग्रंथांना चौकड्या पाडण्याची आवड असतेच. आतां ती चौकडी माझ्या घरांत मांडलेली आहे. योजनेनें वैद्याचे पैसे दिले, द्रव्याचे दिले, रोग्याच्या वयाला वंदन केलें. तिसरा पाद तिच्या यादींत नाहीं. यादी शेंकड्यांनीं मोजावी इतकी लांब आहे. तींत शस्त्रक्रियांचीं अशीं नांवें आहेत कीं जीं मला उच्चारतां येत नाहींत. परंतु 'कूस पालटणें' हें कोठें सांपडलें नाहीं.

शब्दांचा नाद मला सुटत नाहीं, म्हणून आणखी एक सांगतों. 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. गुरूचें ऐकण्याची इच्छा, मग त्याची सेवा, मग कोणाचीहि सेवा, असा तो अर्थ उतरत आला. रात्रीं अडीच वाजतां पलीकडच्या खोलींतून येणारी हाक ऐकूं यावी म्हणून सौ. एका कुशीवर निजते. डावा कान उशीवर, उजवा मोकळा. तिचें वय चौसष्ट. गुडघे तिचेहि दुखतात आणि माघांत तिला दोनदां भोंवळ आली. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, "दुसरें कांहीं नाहीं, विश्रांति हवी." विश्रांतीला योजनेंत क्रमांक नाहीं. तीच भोंवळ येऊन ती जिन्यावरून पडली असती तर मात्र क्रमांक निघाला असता. त्याला लागणारें कार्ड आमच्या कपाटांत तयार आहे.

आपल्या घरांतून अशा सेवेला धर्म म्हणतात, कर्तव्य म्हणतात, आणि एकदां असें म्हटलें कीं तिचा हिशेब मांडणें कोतेपणाचें ठरतें. मला तें पटत नाहीं. धर्म म्हणून केलेल्या कामालाहि झोंप लागते. शिवाय हा धर्म बहुधा घरांतल्या स्त्रीच्याच वांट्याला येतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. लग्नपत्रिका जुळवितांना 'मुलाचे आईवडील अंथरुणाला खिळलेले आहेत काय?' असें विचारणारी आई मला अलीकडे भेटली. तिला स्वार्थी म्हणावयास माझी जीभ उचलली नाहीं.

आमच्याकडे येणारी मावशी माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीवरची. सकाळीं आठाला येते, संध्याकाळीं सहाला जाते. हात असा हलका कीं अक्का माझ्यावर खेंकसते, सौ.वर रुसते, पण मावशीच्या हातून मुकाट्यानें भात खाते. दोन महिने गेल्यावर एके दिवशीं बोलतां बोलतां कळलें कीं मावशीची सासू चार वर्षें अर्धांगानें अंथरुणावर आहे. मीं विचारलें, "मग दिवसा त्यांच्यापाशीं कोण असतें?" मावशी म्हणाली, "थोरली पोर हाय ना, गुरुजी. तिला घरीं ठेवली."

थोरली पोर सहावींत. तिच्या शाळेंतील शिक्षक माझ्या ओळखीचे. पोरीचें नांव पटावर आहे. हजेरीच्या रकान्यांत ओळीनें गैरहजर. गेल्या कित्येक वर्षांत किती मुली अशा रकान्यांतून माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या, आणि कारण लिहितांना 'घरकाम' एवढा एकच शब्द कसा पुरला, तें मला आठवलें. आमच्या अक्काची पाठ शाबूत आहे ती मावशीच्या हातामुळें. आणि मावशीचा हात आमच्याकडे मोकळा आहे तो त्या पोरीच्या सहावीमुळें. मावशीच्या सासूला झटका आला तेव्हां तिलाहि ह्याच योजनेंतून रुग्णालयांत उपचार मिळाले होते, नि:शुल्क आणि नीट. मग तिलाहि पंधरा दिवसांची पिशवी मिळाली. तेथवर तिच्यांत आणि आमच्या अक्कांत सरकारनें कांहींहि भेद केला नाहीं. भेद सुरू होतो तो सोळाव्या दिवसापासून: आमच्याकडे निवृत्तिवेतन आहे, तिच्याकडे नात आहे.

सौ.नें मावशीची वेळ बदलली. आतां ती सकाळीं साडेदहाला येते, पगार तोच. त्या आधींचें आम्ही दोघें करितों. दुपारीं तिच्या सासूकडे शेजारची एक म्हातारी बसते. पोर आठवड्यांतून चार दिवस शाळेंत जाते. सहा नाहींत, चार.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असें नाहीं. जपानांत १९७३ सालीं सत्तर वर्षांवरील वृद्धांचे वैद्यकीय उपचार विनामूल्य झाले. वय तेंच, सत्तर, आपल्या कार्डाचें. थोड्याच वर्षांत तेथील रुग्णालयांच्या खाटा म्हाताऱ्यांनीं भरून गेल्या. त्यांतील पुष्कळांना औषधापेक्षां उठविण्या-बसविण्याची गरज होती. घरीं तें करणारें कोणी नव्हतें आणि रुग्णालयांत पैसे पडत नव्हते, म्हणून मुलें त्यांना तेथें ठेवीत. रोगामुळें नव्हे तर घरच्या परिस्थितीमुळें घडणाऱ्या ह्या दाखल्याला तिकडे निराळें नांवच पडलें. खर्च पेलेना, तेव्हां १९८३ मध्यें वृद्धांकडून थोडें शुल्क घेऊं लागले. आणि अखेर एप्रिल २००० पासून वैद्यकीय विम्याहून वेगळा असा शुश्रूषेचा विमा त्यांनीं सुरू केला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकानें त्यांत वर्गणी भरावयाची; पुढें गरज पडली कीं घरीं येऊन आंघोळ घालणारी, जेवूं घालणारी, दिवसा सांभाळणारी माणसें त्यांतून मिळावयाचीं. जर्मनीनें कामगारांचा आजारपणाचा विमा १८८३ त काढला आणि शुश्रूषेचा विमा १९९५ त. मध्यें ११२ वर्षें गेलीं. पण त्यांनीं केलें तें विचारपूर्वक केलें: घरच्याच माणसानें सेवा केली तरी कुटुंबाला मासिक रक्कम मिळते, आणि त्या माणसाच्या पुढील निवृत्तिवेतनासाठीं विमासंस्था वर्गणीहि भरते. आमच्या सौ.ला मीं हें वाचून दाखविलें. ती म्हणाली, "जर्मन सुना नशीबवान." मग थोड्या वेळानें म्हणाली, "सुना कीं नणंदांच्या भावजया?"

आपल्याकडे कारखान्यांतील कामगारासाठीं १९४८ च्या कायद्यानें आलेला राज्य विमा आहे. त्यांत औषधें मिळतात, दवाखाना मिळतो, आणि कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षांत ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. ही गोष्ट मोलाची आहे, आणि जीवनदायीच्या आधीं साठ वर्षांहून अधिक काळ ती आपल्या देशांत आहे. परंतु खोपोलीच्या बाजूस कारखान्यांत असलेला माझा एक जुना विद्यार्थी आपल्या आईच्या अखेरच्या दुखण्यांत बिनपगारी राहिला. कारण आजारी आई होती, तो नव्हता. कायद्याच्या दृष्टीनें तो धडधाकट होता.

जपान-जर्मनी श्रीमंत आहेत, तेथलें येथें कसें चालेल, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. म्हणून केरळाकडे पाहावें. कोळीकोडला १९९३ मध्यें कांहीं डॉक्टरांनीं वेदनाशमनाचें एक लहानसें केंद्र काढलें. त्यांतून पुढें स्वयंसेवकांचें जाळें वाढलें. २००८ मध्यें राज्य सरकारनें त्याविषयीं धोरण जाहीर केलें, आणि आज तेथें पंचायतीच्या वतीनें परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरीं जाते. क्षत धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकविते, आणि निघतांना पुढचा दिवस सांगून जाते. ह्यांत प्रचंड यंत्र नाहीं, काचेची इमारत नाहीं. शिकलेली एक बाई, एक पिशवी, एक वाहन आणि पंचायतीच्या अंदाजपत्रकांत एक ओळ. रायगड जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकांत अशी एक ओळ घातली तर कर्जतच्या डोंगरवाड्यांना पांच लक्षांच्या मर्यादेइतकाच तिचा उपयोग होईल, असें माझें मत आहे. मर्यादा पांचाची दहा लक्ष केली तरी अक्काला किंवा मावशीच्या सासूला त्यांतला एक रुपया लागणार नाहीं. त्यांचें दुखणें त्या मर्यादेच्या आंत येतच नाहीं.

आम्ही निवृत्त शिक्षकांनीं एवढ्यांत एक लहानसा उद्योग आरंभिला आहे. सरकारी रुग्णालयांतून निवृत्त झालेल्या एक परिचारिकाबाई दहिवलीस राहतात. चौदा घरांनीं मिळून महिन्याला सहाशें रुपये द्यावयाचे आणि बाईंनीं आठवड्यांतून दोन दिवस ह्या घरीं फेरी करावयाची. हिशेब जमत नाहीं: बाईंच्या स्कूटरचें पेट्रोल, पट्ट्या, हातमोजे धरले तर दर महिन्यास हजारभर कमी पडतात. त्यांतच मावशीची वाडी पंधरावें घर म्हणून आम्ही जोडली. एका सभासदानें विचारलें, "ती वर्गणी कोण भरणार?" दुसरे म्हणाले, "आपणच, आणि कोण?" पहिल्यांनीं मान हलविली, कोणत्या दिशेनें तें मला दिसलें नाहीं, पण महिनाअखेर त्यांचे पैसे वेळेवर आले. पावसाळ्यांत वाडीचा ओढा चढला म्हणजे स्कूटर पलीकडे जावयाची नाहीं. त्यावर अद्याप तोड सुचलेली नाहीं.

बाईंनीं एक अट मात्र सुरवातीलाच घातली: प्रत्येक घरांतील निदान एका पुरुषानें सारें शिकलें पाहिजे, नाहीं तर त्या घरीं त्या येणार नाहींत. तीन घरें ह्याच अटीवर गळालीं. त्यांच्या जागीं दुसरीं आलीं. गेल्या शनिवारीं चादर सुरकुतूं न देतां कूस कशी पालटावी तें मला शिकविलें. आधीं गुडघा वांकवावयाचा, मग खांदा आणि कमर एकदम धरावयाची, ओढावयाचें नाहीं, लोटावयाचें. अक्का म्हणाली, "हळू रे, मी खडू नव्हे." बाईंनीं वहींत माझ्या नांवापुढें खूण केली आणि भांडें देण्याचा धडा पुढल्या शनिवारीं ठेवला.